केसपेपरच्या आधी

जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयातून अत्यवस्थ रुग्ण पुढे हलवायचा ठरला की वाटा तीनच उरतात. एक पूर्वेची: मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर आणि मग नाशिकचं जिल्हा रुग्णालय, सुमारे ८० किलोमीटर. दुसरी विक्रमगडवरून खाली उतरून, मनोरला महामार्ग गाठून ठाण्या-मुंबईकडे. ती १०० किलोमीटरच्या पुढे जाते. तिसरी उत्तरेला, राज्याची हद्द ओलांडून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयाकडे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. कागदावरचं मुख्यालय बदललं, पण घाट जिथल्या तिथे आहेत आणि पावसाळ्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही.

हे झालं रुग्णालयाच्या पुढचं. मागचं त्याहून बिकट आहे. कित्येक पाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत माणूस झोळीतून किंवा डोलीतूनच आणावा लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बाळंतिणीला असंच उचलून न्यावं लागलं. मुदतीआधी जन्मलेली तिची जुळी बाळं वाचली नाहीत. ती बातमी राज्यभर गेली. तशा कितीतरी वाटचाली बातमी न होताच पार पडतात.

रस्ता, पूल, गाडी, दरड यांपैकी काहीच रुग्णालयातल्या माणसांच्या हातात नसतं. त्यांच्या हातात वेळेचा एकच तुकडा असतो: रुग्ण दारातून आत आल्यापासून त्याला पहिला जाणता हात लागेपर्यंतचा. हा हात बहुतेक वेळा नर्सचा असतो. सरकारी कागदांत ती अधिपरिचारिका, लोकांच्या तोंडी सिस्टर. रात्री दोन वाजता ड्यूटीवरचे डॉक्टर बाळंतपणाच्या खोलीत अडकलेले असताना अपघात विभागात कोण उभं असतं, याचं उत्तर जव्हारला, मोखाड्याला आणि खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच आहे. म्हणून तिला काय शिकवलं जातं, आणि शिकवलेलं वापरायची मुभा तिला मिळते का, या दोन प्रश्नांवर इथे माणसं जगतात किंवा दगावतात.

सरकारी दवाखान्यात शिरलं की पहिली खिडकी केसपेपरची. नाव, वय, गाव, नंबर. मग बाकावर बसायचं. नंबराने यायचा न्याय रेशनच्या दुकानात चालतो, कारण तिथे पाचव्या माणसाची भूक आणि पहिल्याची भूक सारखीच असते. अपघात विभागात पहिल्या चौघांना खरूज, खोकला, जुनी कंबरदुखी आणि इंजेक्शन असू शकतं, आणि पाचव्याला तास काढणंही कठीण असू शकतं. आता ही रांग कधी मोडतच नाही असं नाही. ती रोज मोडते. जीप करून आलेली आठ माणसं मोडतात, कुणाचा तरी आलेला फोन मोडतो, डोक्याला खोक पडलेला आणि ओरडणारा माणूस मोडतो. मोडत नाही ती पहाटे निघून, दोन गाड्या बदलून, पदराखाली मूल घेऊन आलेली वारली किंवा कातकरी बाई. ती कोपऱ्यात बसते, बोलावतील तेव्हा जाईन म्हणते आणि कुणाला काही विचारत नाही. माझ्या मते रुग्णांची निवड शास्त्राने करायची सर्वांत मोठी गरज जव्हार-मोखाड्यात आहे ती या बाईसाठी. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ही पद्धत गर्दी आवरायला लागते. इथे ती न बोलणाऱ्याची बाजू घ्यायला लागते.

या पद्धतीला वैद्यकात ट्रायाज म्हणतात. त्यात निदान करायचं नसतं, आणि नव्याने शिकणाऱ्या सिस्टरला हे पटायला वेळ लागतो. कोणता आजार आहे, हा डॉक्टरचा प्रश्न. हे शरीर असंच किती वेळ तग धरेल, हा ट्रायाजचा. ज्याला एक मिनिटही थांबवता येणार नाही तो लाल, ज्याला थोडा वेळ थांबवता येईल पण ज्याच्यावर नजर ठेवावी लागेल तो पिवळा, जो निर्धास्तपणे थांबू शकतो तो हिरवा. दिल्लीच्या एम्सने आपल्या तातडीच्या विभागासाठी बनवलेली पद्धत याच तीन रंगांची आहे.

या विचाराचा उगम रणांगणावर झाला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य दोमिनिक-जाँ लारे याने घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून जखमींना उचलून आणायची व्यवस्था उभी केली. १८१२ च्या रशिया मोहिमेच्या आठवणींत त्याने लिहून ठेवलं की ज्याची जखम जीवघेणी आहे त्याला आधी घ्यायचं, त्याचा हुद्दा कोणता हे पाहायचं नाही. सेनापतीच्या आधी शिपाई, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. सरपंचाच्या माणसाच्या आधी पाड्यावरचं पोर, ही आजही आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलिया, इंग्लंडमधलं मँचेस्टर आणि अमेरिका इथे पाच पायऱ्यांच्या पद्धती तयार झाल्या. त्या भरपूर डॉक्टर आणि भरपूर यंत्रं असलेल्या रुग्णालयांतून आल्या होत्या. आपल्या कामाची पद्धत त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत बनली. केप टाउनमध्ये २००४ मध्ये डॉक्टर आणि नर्सेसचा एक गट जमला आणि त्यांनी प्रश्नच वेगळा मांडला: डॉक्टर थोडे, नर्सेस थोड्या अधिक आणि सहायक नर्सेस त्याहून अधिक असतील, तर या सहायक नर्सलाही करता येईल असं काय आहे? त्यातून आलेल्या पद्धतीत प्रौढ रुग्णाच्या सात गोष्टी पाहतात: चालतो कसा, श्वास किती, नाडी किती, वरचा रक्तदाब किती, ताप किती, शुद्ध कशी आणि इजा आहे का. प्रत्येकीला ठरलेले गुण. बेरीज सात किंवा जास्त झाली की लाल.

हे प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहू. समजा, लावणी उरकत आलेली आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि तिशीतला एक गडी भावाच्या खांद्यावर हात टाकून अपघात विभागात येतो. दोन दिवस ताप आहे म्हणतो. बोलतो नीट, बाकावर बसतो, पाणी मागतो. सवयीने पाहिलं तर हा तापाचा रुग्ण, ओपीडीच्या रांगेतला. आता मोजू. आधार घेऊन चालला, एक गुण. श्वास मिनिटाला २६, दोन गुण. नाडी ११८, दोन. वरचा दाब ९६, एक. ताप ३९ अंश सेल्सिअस, दोन. शुद्ध पूर्ण, शून्य; इजा नाही, शून्य. बेरीज आठ. लाल. यांतला एकही आकडा एकटा पाहिला तर घाबरवणारा नाही. थोडा दम, थोडी धडधड, दाब जरासा उतरलेला. एकत्र पाहिले की कळतं, हे शरीर आपली सगळी शिल्लक खर्चून उभं आहे. लेप्टो असेल, मलेरिया असेल, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल. ते पुढे ठरेल. तूर्त तो बाकावर बसता कामा नये, एवढं सिस्टरला डॉक्टर येण्याआधी पाच मिनिटांत कळलेलं असतं.

या सातांत सर्वांत जास्त थापा मारल्या जातात त्या श्वासाच्या आकड्यात. कोणत्याही रुग्णालयातले केसपेपर चाळा, श्वासाच्या जागी १८ किंवा २० लिहिलेलं सापडेल, कारण पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहायला कुणाला वेळ नसतो. प्रशिक्षणातला पहिला धडा हाच असायला हवा, की घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजायचं. मूल असेल तर आईच्या मांडीवरच राहू द्यायचं, अंगातलं वर करायचं, हात लावायचा नाही, रडत असेल तर थांबायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्याचा ४० किंवा जास्त असेल तर तो जलद. हे काम किती साध्या साधनाने होतं हे महाराष्ट्राने जगाला दाखवलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेला श्वासमापक बनवला, आणि अक्षरओळख नसलेल्या सुइणींनी त्यावर मोजून बालकांचा न्यूमोनिया ओळखला. जिथे सुईण मोजू शकते तिथे तीन वर्षं शिकलेली सिस्टर मोजत नसेल, तर तिला कुणी मोजायला उभं राहू दिलेलं नाही असंच समजावं.

मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वेगळी पद्धत आहे, ती ईटॅट या नावाने ओळखली जाते. भारताने बालकांच्या आजारांसाठी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना जे प्रशिक्षण सुरू केलं, त्यात ती सामील आहे. आधी पाहायची ती तातडीची लक्षणं: श्वासनलिका मोकळी आहे का, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का, ओठ निळे पडलेत का, हातपाय गार आहेत का, मूल बेशुद्ध आहे का, आकडी येते आहे का, जुलाबाने पार सुकलंय का. यांतलं एकही दिसलं की तिथल्या तिथे उपचार सुरू. हे काही नसेल तर दुसरी यादी: दोन महिन्यांच्या आतलं बाळ, खूप ताप, इजा, फिकटपणा, विषबाधा, असह्य वेदना, धाप, चिडचिड किंवा सुस्ती, भाजणं, दोन्ही पायांवर सूज, उघड दिसणारं कुपोषण आणि दुसरीकडून चिठ्ठी घेऊन आलेलं मूल. या शेवटच्यावर मी मुद्दाम बोट ठेवतो. साखरशेत किंवा मोऱ्हांड्याच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन आलेलं मूल पुन्हा केसपेपरच्या खिडकीशी उभं करायचं नसतं. कुणीतरी जाणत्याने त्याला एकदा पाहून पुढे धाडलेलं आहे. ती चिठ्ठी हेच त्याचं लक्षण.

मलावीतल्या ब्लँटायर शहरात क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये एलिझाबेथ मॉलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या विभागाची मांडणी याप्रमाणे बदलली आणि कर्मचाऱ्यांना शिकवलं. आधी भरती झालेल्या मुलांपैकी १० ते १८ टक्के दगावत होती, नंतर ते प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर आलं. मलावी आपल्यापेक्षा गरीब देश. तिथे फार मोठी यंत्रं आली नव्हती. मूल दारात आल्याबरोबर कुणीतरी त्याच्याकडे पाहू लागलं होतं.

जव्हार-मोखाड्यात ही यादी जशीच्या तशी घेऊन भागत नाही, कुपोषणाचा अर्थ सिस्टरला जास्त खोल समजावा लागतो. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी देश हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या मृत्यूंनी तोच विषय पुन्हा वर आणला. मधल्या काळात योजना आल्या, बाल उपचार केंद्रं आली, आशाताई आल्या. तीव्र कुपोषित मूल मात्र आजही रुग्णालयात तसंच येतं: गप्प. भरल्या अंगाचं मूल आजारी पडलं की ते रडतं, तापतं, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतं. कुपोषित मुलाच्या शरीरात तापायचीही ताकद उरलेली नसते. न्यूमोनिया असून अंग गार लागतं. आई म्हणते, त्रास देत नाही हो, पडून असतं. हे वाक्य ऐकल्याबरोबर सिस्टरचे कान टवकारले पाहिजेत. काखेतलं तापमान ३५ अंशांच्या खाली असेल तर तो तापाइतकाच, किंबहुना जास्त मोठा धोका. टाचेतून थेंब काढून साखर पाहायची; ५४ च्या खाली असेल तर ती आधी भरून काढायची. आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून, वर पांघरूण घालून ऊब द्यायची. यांतलं काहीही डॉक्टरची वाट पाहत थांबवण्यासारखं नाही.

जुलाब होत असलेलं मूल किती सुकलंय हे पाहायला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती हळू मागे गेली तर पाणी कमी झालं असं समजतात. कुपोषित मुलाच्या कातडीखाली चरबीच नसल्याने ती नेहमीच हळू जाते. या एका फसव्या खुणेवरून भराभर सलाइन सोडलं तर अशक्त हृदयाला ते झेपत नाही. तीव्र कुपोषण नसलेल्या मुलांतही घाई महागात पडते, हे २०११ मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ मुलांच्या अभ्यासाने दाखवलं. ताप आणि मंदावलेला रक्तप्रवाह असलेल्या ज्या मुलांना झटपट भरपूर सलाइन दिलं, त्यांच्यात ४८ तासांतले मृत्यू सुमारे साडेदहा टक्के. ज्यांना तसं दिलं नाही त्यांच्यात ७.३ टक्के. जगभरचे बालरोगतज्ज्ञ चक्रावले. त्यानंतर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्याने सांगितलं की हातपाय गार, नखं दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ, आणि नाडी जलद व क्षीण, ही तिन्ही असतील तरच शॉक म्हणायचं. जव्हारच्या पावसाळी सकाळी भिजून आलेल्या कोणत्याही मुलाचे पाय गार असतात. म्हणून तिथल्या सिस्टरने नुसत्या पायांवर निर्णय घ्यायचा नाही. मूल कोरडं करायचं, गुंडाळायचं आणि नाडीवर भर द्यायचा.

आता मोठ्या माणसांकडे, आणि पावसाळ्यातल्या पहाटेकडे. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं काहीतरी बाधलं. तो बाकावर येऊन बसतो तेव्हा केसपेपरवर लिहिलं जातं पोटदुखी, आणि पोटदुखी म्हणजे हिरवा. दोन तासांनी पापण्या मिटायला लागतात, शब्द जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. शिकलेली सिस्टर इथे तीन गोष्टी विचारते आणि करून घेते. रात्री कुठे झोपला होता? माझ्या बोटाकडे वर बघ, डोकं न हलवता; बघतच राहा. पापण्या खाली घसरतात का, ती पाहत राहते. आणि एका दमात किती अंक मोजता येतात ते मोज. तीस म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने पंधरावर अडकला, तर विष चढतंय. हे करायला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा. घोणस आणि फुरशासाठी आणखी एक साधी चाचणी आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग कलती करून पाहायची. रक्त गोठलं नाही तर प्रतिविष लगेच. ही वीस मिनिटं सिस्टरने सुरू केली नाहीत तर डॉक्टर आल्यावर सुरू होतात, आणि तेवढी वाया जातात.

सर्पदंशाचा माणूस आधी भगताकडे गेला होता असं बरेचदा कळतं. त्यावर रागवायची ऊर्मी येते. ती दाबायला शिकवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. रागावलेल्या सिस्टरला पुढचा नातेवाईक दंशाची खरी वेळ सांगत नाही, आणि वेळ चुकली की सगळा हिशेब चुकतो. याच जिल्ह्यात डहाणूला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे आणि तिथे सर्पदंशावर काम झालेलं आहे. प्रशिक्षणासाठी धडे शोधायला लांब जावं लागत नाही.

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे जगाला शिकवण्याइतकी विद्या आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाचे रुग्ण रात्र-रात्र जवळ बसून पाहिले, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आणले. त्यांच्या निरीक्षणातून ट्रायाजला एक अत्यंत उपयोगी गोष्ट मिळते. विंचू चावून जो नुसता वेदनेने तळमळतो आहे, त्याला धोका कमी. ज्याला उलट्या होताहेत, दरदरून घाम फुटलाय, हातपाय बर्फासारखे गार आहेत आणि वेदनेबद्दल जो फारसं बोलतच नाही, तो लाल. आरडाओरड ऐकून नंबर लावला तर बरोबर उलटा लागतो.

गरोदर आणि ओल्या बाळंतिणीसाठी नियम सोपा: तिला रांगच नाही. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं दिवस भरत आलेली बाई म्हणाली की पहिलं काम रक्तदाब. झटका आला तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस जिथे आहे तिथेच द्यायचा आणि मग गाडी बोलवायची. गाडीत चढवून मग पाहू म्हणायचं नाही. ‘औषध प्यायला’ असं सांगत शेतातून आणलेल्या माणसाचंही तसंच: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर दिसली की ॲट्रोपिनची तयारी आधी, केसपेपर आणि पोलिसांचा जबाब नंतर.

इथवरचं सगळं कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. घाटमाथ्यावरच्या रुग्णालयाला त्यापलीकडचा एक ट्रायाज रोज करावा लागतो, आणि त्याचं प्रशिक्षण जवळपास कुणीच देत नाही: खाली कोणाला धाडायचं, केव्हा, आणि कोणत्या गाडीने. राज्यात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर अशी तिची रचना होती. ती चांगली होती. पण दारात एक गाडी आणि आत दोन अत्यवस्थ माणसं, ही वेळ कोणत्याही रचनेवर येतेच. मग निवड कशी करायची? ज्याची प्रकृती जास्त वाईट तो आधी, हे उत्तर इथे अपुरं पडतं. ज्याला लागणारा उपचार इथे नाहीच आणि तिथे पोचल्यावर नक्की मिळणार आहे, तो आधी. मण्यारीच्या दंशाने श्वास थकत चाललेला मुलगा आणि मांडीचं हाड मोडलेला प्रौढ यांत मुलगा जातो, कारण हाडाला फळी बांधून, वेदनाशामक देऊन, रक्तदाबावर नजर ठेवून इथे काही तास काढता येतात. व्हेंटिलेटर इथे नसेल तर त्याला पर्याय नाही.

गाडी सुटण्याआधी एक गणित करायचं असतं. रुग्णवाहिकेतल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर १५० मिनिटं पुरतो. काटा निम्म्यावर असेल तर ७५ मिनिटं, आणि नाशिक तेवढ्यात येत नाही. सिलिंडरकडे पाहून हा भागाकार करणारी सिस्टर तोरंगण घाटात घडू शकणारा एक मृत्यू जव्हारच्या पोर्चमध्येच टाळते. पुढच्या रुग्णालयाला फोन, सोबतच्या कागदावर दिलेल्या औषधांच्या वेळा, नातेवाइकांपैकी रक्त देऊ शकणारा एक जण गाडीत, हेही त्यातच आलं. पुढे केलेली प्रत्येक पाठवणी म्हणजे एक उपचारच आहे, त्याचेही दुष्परिणाम असतात, हे मनात ठसलं की रेफर हा शब्द सुटकेसारखा उच्चारला जात नाही.

हे शिकवायचं कसं? २०२२ मध्ये केंद्र सरकारने तातडीच्या उपचारांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम डॉक्टर आणि नर्सेस दोघांसाठी आणले, ही योग्य दिशेची गोष्ट. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात पडद्यावर दाखवलेल्या दोन दिवसांच्या भाषणांनी हात तयार होत नाहीत. ट्रायाज शिकवायची जगभर सिद्ध झालेली रीत म्हणजे लिखित प्रसंग. चार ओळींचा रुग्ण कागदावर द्यायचा, दोन सिस्टर्सनी एकमेकींना न विचारता रंग ठरवायचा आणि मग दोघींनी आपापला रंग समर्थनासह मांडायचा. एकीने पिवळा आणि दुसरीने लाल म्हटलं की खरं शिक्षण सुरू होतं. धाप लागलेल्या मुलांच्या चित्रफिती पाहून श्वास मोजायचे, आकडे ताडून पाहायचे. हे प्रसंग लंडन किंवा न्यूयॉर्कच्या पुस्तकातून उचललेले नकोत. त्यांत भातशेती हवी, वीटभट्टीवरून होळीच्या सुमारास परतलेलं कुटुंब हवं, सिकलसेलची मुलगी हवी, आणि वारलीतून सांगितलेली तक्रार मराठीत समजून घ्यायची धडपड हवी. शिकलेलं काही महिन्यांत पुसट होतं, म्हणून शिकवणी त्याच वॉर्डात, त्याच बाकासमोर, थोडी थोडी आणि वारंवार. शिवाय बदल्या होतात, कंत्राट संपतं, शिकलेली सिस्टर जाते. रुग्णालयाने एका व्यक्तीला नव्हे, दर तुकडीतल्या प्रत्येकीला, आणि दारावरच्या शिपायाला व वॉर्डबॉयलाही यातलं त्याच्या वाट्याचं शिकवलं तरच ते टिकतं.

सर्वांत नाजूक मुद्दा अधिकाराचा. सिस्टरने लाल म्हटलं, मध्यरात्री डॉक्टरांना उठवलं आणि रुग्ण फारसा गंभीर निघाला नाही, तर पुढे काय होतं? तिला दोन शब्द ऐकावे लागले तर पुढच्या वेळी ती तासभर थांबून पाहील, आणि तो तास कुणाच्या तरी जिवावर बेतेल. अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या संघटनेने अपघाती रुग्णांसाठी हिशेब स्पष्ट मांडला आहे: गंभीर असून साधा समजला गेलेला रुग्ण शंभरात पाचाच्या वर नको, आणि त्यासाठी साधे असून गंभीर समजलेले पंचवीस-पस्तीस असले तरी चालतील. म्हणजे शिकलेल्या सिस्टरचे काही फोन वाया जाणारच, जायलाच हवेत. डॉक्टरांनी हे मान्य करणं हा नर्सच्या प्रशिक्षणाचाच अर्धा भाग आहे, आणि तो डॉक्टरांना शिकवावा लागतो. त्याच्या जोडीला भिंतीवर लावलेला, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचा एक कागद हवा: ऑक्सिजन, साखर, आकडीवरचं औषध, मॅग्नेशियमचा पहिला डोस, सर्पदंशाची नळी, या गोष्टी सिस्टर डॉक्टर येण्याआधी सुरू करू शकते. हा कागद नसेल तर तिने शिकलेलं सगळं तिच्या डोक्यातच राहतं.

आणि रोज सकाळी, पाळी बदलताना, रात्रीच्या केसपेपरांवरून दहा मिनिटं. प्रत्येक कागदावर दोन वेळा लिहिलेल्या असाव्यात: दारात आला ती आणि पहिला हात लागला ती. मधलं अंतर मोठं आहे असे कागद बाजूला. हिरवा म्हणून बसवलेला आणि नंतर बिघडलेला रुग्ण असेल तर तोही कागद बाजूला. त्यावरचं नाव आणि गाव झाकायचं, कोणाची पाळी होती हे विचारायचं नाही, आणि पुढच्या शिकवणीत तोच प्रसंग दोन सिस्टर्सच्या हातात द्यायचा.